गांधीबागच्या जागी सीताबर्डी

तर मंडळी, या विकांताला लिहायचं होतं वेगळ्याच विषयावर. अर्धा लेख लिहूनही ठेवला होता. पण मधे भाचीचं प्रोजेक्ट आलं आणि मी शुक्रवारी रात्री पुण्याहून नागपूरच्या गाडीत बसलो. हापिसात कारण सांगितलं, 'फॅमिली इमर्जन्सी'. खोटं नव्हतं अगदीच.

भाची बीकॉमला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर कॉलेजांमध्ये 'फील्ड प्रोजेक्ट' नावाचं एक प्रकरण आलंय. वर्गाबाहेर पडायचं, काहीतरी डोळ्यांनी बघायचं, माणसांशी बोलायचं आणि त्यावर अहवाल लिहायचा. त्याचे क्रेडिट्स असतात, म्हणजे टाळता येत नाही. कल्पना झकास आहे. आमच्या वेळी इंजिनिअरिंगला पर्यावरणशास्त्र सक्तीचं झालं, तेव्हा मी प्रोजेक्ट चाळीस रुपयांना झेरॉक्सच्या दुकानातून विकत घेतलं होतं. नागनदीचं प्रदूषण. नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर होती, पण मी काही तिकडे फिरकलो नाही. कव्हर मात्र नवीन घातलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. :)

भाचीचा विषय होता 'गांधीबाग येथील ठोक कापड बाजाराचा अभ्यास'. निवडायचं कारण एवढंच की आजोळ जवळ, महालात. तिकडे गेलं की जेवणाची सोय होते.

पहिला मसुदा तिने, अर्थातच, चॅटबॉटकडून लिहून घेतला. मी तो वाचला आहे. भाषा इतकी गुळगुळीत की हात घसरावा. गांधीबाग हा गजबजलेला बाजार आहे, त्याला समृद्ध वारसा आहे, डिजिटल युगात त्याच्यासमोर अनेक आव्हानं आहेत पण संधीही आहेत. बावीस पानं. तिच्या मॅडमनी त्यावर लाल शेरे मारले नाहीत, ओरडल्याही नाहीत. शेवटच्या पानावर पेन्सिलीने एकच ओळ लिहून परत दिला: 'गांधीबागच्या जागी सीताबर्डी लिहिलं तर यात काय बदलेल?'

भाचीने खरंच 'फाइंड अँड रिप्लेस' करून पाहिलं. काहीच बदललं नाही. एक वाक्यसुद्धा खोटं ठरलं नाही. मग ती रडली आणि मग तिने मला फोन केला.

इथे मामा मैदानात उतरला. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, म्हणजे माहिती कमी पडते आहे असं कुणी म्हटलं की आम्हाला चेव येतो. दोन रात्री जागून मी तिच्यासाठी पीडीएफ गोळा केल्या. १९०८चं इंग्रजांच्या काळातलं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर, १९६६चं महाराष्ट्र सरकारचं गॅझेटिअर, रसेल आणि हिरालाल यांचे १९१६चे जातीजमातींवरचे जाडजूड खंड. मजा आली, खोटं कशाला बोलू. १८६७ साली मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून जमशेटजी इतक्या आत आले, कारण कापूस इथे होता. त्याच्याही आधीपासून इथल्या कोष्ट्यांच्या हातमागावर रेशीमकाठी लुगडी निघत होती. पुढे १९८६ला मिल सरकारकडे गेली, २००२ला बंद झाली, आज तिथे मॉल आहे.

हे सगळं मी भाचीला पाठवलं. तिने ते इमानेइतबारे लिहून काढलं. आता प्रोजेक्ट झालं एकतीस पानांचं, पण पहिली अठरा पानं गेल्या शतकात आणि मिलमध्ये. गांधीबाग येता येत नव्हतं.

"मामा, आता मला जास्त माहिती झाली आणि कमी सुचायला लागलं," ती फोनवर म्हणाली. सबमिशन सोमवारी, आणि आज बुधवार.

मी तिला धीर द्यायला म्हणून केतकरांची गोष्ट सांगितली. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. करून आलेला माणूस. मराठीत ज्ञानकोश काढायचा म्हणून १९१६च्या सुमारास त्यांनी रीतसर कंपनी काढली, तीही आपल्या नागपुरात. पुढे काम पुण्याला गेलं. तेवीस खंड झाले. त्या उद्योगाच्या हकिकतीला त्यांनी नावच दिलं 'माझे बारा वर्षांचे काम'. म्हटलं बघ, तो माणूस अख्खं जग लिहायला बसला होता आणि त्याने पूर्ण केलं. तुझा तर एक बाजार आहे.

"त्यांना सोमवारी सबमिशन नव्हतं ना मामा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिकीट काढलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मुद्दामच राहिली असं म्हणा. आमचे बाबा, म्हणजे भाचीचे आबा, याच गांधीबागेत एका ठोक कापड दुकानात मुनीम होते. १९७३ ते २०१७. चव्वेचाळीस वर्षं. बावीस पानं चॅटबॉटने लिहिली, अठरा पानं मामाने इंग्रजांकडून आणली, आणि ज्या घरात जेवणाची सोय होती तिथे खाटेवर बसून पेपर वाचणाऱ्या माणसाला कुणी काही विचारलं नाही. भाचीच्या नाही डोक्यात आलं, कारण ती लहान असतानाच आबा रिटायर झाले. माझ्या का नाही आलं, ते पुढे सांगतो.

शनिवारी सकाळी भाची मेट्रोने अग्रसेन चौकात उतरली. बाबा आणि मी महालातून चालत गेलो. पंचाहत्तरीचा माणूस त्या गल्ल्यांमधून असा चालत होता की मलाच हातठेले चुकवत मागे पळावं लागलं. कुणी दुकानातून "राम राम मुनीमजी" म्हणत होतं, कुणी नुसता हात वर करत होतं. ज्यांनी गांधीबाग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आत पांढऱ्याशुभ्र गाद्या, भिंतीला छतापर्यंत ताक्यांची चळत, बाहेर गोणपाटात शिवलेल्या गठाणी. सुरत, भिवंडी, इचलकरंजी, अहमदाबाद इथून माल येतो आणि इथून विदर्भभर, शेजारच्या मध्य प्रदेशातही जातो. चिल्लर गिऱ्हाइकाला इथे फारसं कुणी विचारत नाही.

भाचीने प्रश्नावली करून आणली होती. 'आपण व्यवसायात समाधानी आहात काय? होय / नाही / सांगता येत नाही.' पहिल्या दुकानात शेठजींनी तिन्ही चौकोनांकडे पाहिलं आणि तिला चहा पाजला. दुसऱ्या दुकानातही चहा. तिसऱ्या चहानंतर ती रडकुंडीला आली.

बाबांनी तो कागद तिच्या हातून घेतला, घडी घालून खिशात ठेवला. "असं नाही विचारत बाप्पा. धंद्यातला माणूस समाधानी आहो म्हणून कधी सांगते का? त्याले विचार, पैसा कधी येते. मंग तो बोलते."

आणि तो बोलायला लागला! पैसा कधी येतो या एका प्रश्नावर पुढचे चार तास गेले. भाचीने फोनवर रेकॉर्ड करायची परवानगी मागितली, दोघांनी दिली, एकाने नाही दिली. एक हमाल तर हातठेला टेकवून उभाच राहिला. "दीवाली के पहले आके देखो, पैर रखने को जगा नहीं मिलती. और सावन में पूछो तो दोपहर में सोते हैं."

दुपारी बाकड्यावर तर्री-पोहे खाताना बाबांनी सगळं उलगडून सांगितलं. ते इथे थोडक्यात लिहितो, कारण मलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

ठोक बाजार उधारीवर चालतो. गावोगावचा दुकानदार येतो, माल बघतो, बिल्टी होते, माल जातो. रोख देणाऱ्याला थोडा वटाव मिळतो, पण बहुतेक जण उधारीच नेतात. आता उधारीची मुदत किती? कागदावर सगळ्यांना सारखी. पण मुनिमाच्या डोक्यात प्रत्येक गावाची वेगळी.

"भंडारा-गोंदियाचा पैसा धानाचा. धान विकल्याशिवाय तिथला माणूस कापड घेत नाही, म्हणून दुकानदार आपल्याले देत नाही. वर्धा-यवतमाळचा पैसा कापसाचा. वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होते, पण पैसा हातात खेळाले संक्रांत उजाडते. अन् चंद्रपूरचा पैसा पगाराचा. कोळसा खाणी हायेत ना तिकडे. महिन्याच्या महिन्याले येते. मंग तिघाईले एकच तारीख देऊन कसं जमंन?"

भाचीने पोह्यांची प्लेट बाजूला ठेवली. "म्हणजे आबा, एकाच दुकानातून एकच कापड नेलं तरी तीन गावांची उधारी वेगळी?"

"वेगळीच ना. पावसाळ्यात त शेतकऱ्याचा सगळा पैसा जमिनीत असते. बी-खताले गेला. तवा वसुलीले जाणारा मुनीम मूर्ख."

"म्हणजे हे सीताबर्डीला नसतं!"

"बर्डीले काहून असंन? तिथं चिल्लर धंदा हाय. पैसे दे, कापड ने."

मंडळी, त्या क्षणी तिचं प्रोजेक्ट झालं. लिहायचं बाकी होतं, पण झालं. इतके दिवस तिच्याकडे विषय होता. आता प्रश्न आला: तीन गावांना उधारीची मुदत वेगळी का? एकदा प्रश्न आला की कुठलं पान ठेवायचं आणि कुठलं फेकायचं हे त्यालाच विचारता येतं. आम्ही कोड लिहिणारे लोक हेच रोज विसरतो. रिक्वायरमेंट काय आहे हे कळायच्या आधीच बावीस पानं टाइप करून मोकळे होतो.

संध्याकाळी घरी आल्यावर भाचीने सहज विचारलं, "आबा, तुमच्या अंदाजाने कधी उधारी बुडाली का?"

बाबा म्हणाले, एकदा बुडाली. कापूस गेला होता त्या साली. एका गावचा दुकानदार, चांगला माणूस, वीस वर्षांचा व्यवहार. मालक माल द्यायला तयार नव्हते. बाबांनी आपली जबान दिली, म्हणाले हा देईल. तो देऊ शकला नाही. दुकानच बंद केलं त्याने. जबान बाबांची होती, मग ती रक्कम बाबांच्या पगारातून थोडी थोडी कापली गेली. आठ महिने.

"कोणतं साल होतं?" मी विचारलं.

"तू आठवीत होता."

आठवीत असताना मला सायकल मिळणार होती. ती मिळाली नाही. 'पुढच्या वर्षी बघू' एवढंच बाबा म्हणाले होते आणि मी दोन महिने त्यांच्याशी धड बोललो नव्हतो. आणि त्याच वर्षी शाळेत 'माझे वडील' हा निबंध होता. मी लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांचे गांधीबाग येथे कापडाचे मोठे दुकान आहे.' वर्गातल्या दोघातिघांच्या वडिलांची खरंच दुकानं होती. मला मुनीम हा शब्द लिहायची लाज वाटली. निबंधाला दहापैकी आठ मिळाले. घरी वही दाखवली नाही.

तर बाबांना विचारायचं माझ्या डोक्यात का आलं नाही, त्याचं उत्तर हे. या विषयावरचं माझं पहिलं लिखाणच खोटं होतं, आणि तेव्हापासून तो दरवाजा मी बंद ठेवला होता. इंग्रजांच्या गॅझेटिअरमधून आत शिरणं त्यापेक्षा सोपं होतं.

त्यात आणखी एक. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि कापडावर पाच टक्के कर लागला. तोवर बहुतेक कापडावर राज्याचा व्हॅट नव्हता. सुरतच्या बाजारांनी तेव्हा संप केला होता. दुकानांत घाईघाईने कॉम्प्युटर आले. रोजमेळ आणि खतावणी लिहिणाऱ्या बाबांनी "आता हे आपल्याच्यानं होत नाही" म्हणत काम सोडलं. त्या जूनमध्ये मी पुण्यात रात्र-रात्र बसून काय करत होतो माहितेय? बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये जीएसटीचं मोड्यूल टाकत होतो. ते वाईट होतं असं मी म्हणत नाही. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये 'क्रेडिट डेज' नावाची एक चौकट होती, त्यात एक आकडा टाकायचा. तीस, साठ, नव्वद. भंडाऱ्याचा धान आणि वर्ध्याचा कापूस त्या चौकटीत बसत नाही, हे मला सांगू शकेल असा माणूस माझ्या घरात होता. मी फोन करून फक्त 'तब्येत कशी आहे' विचारायचो.

असो.

रविवारी लिखाण. हे वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. भाचीकडे चार तासांचं रेकॉर्डिंग आणि समोर कोरं पान. तिचं पहिलंच वाक्य अडकलं. सकाळी अकरा ते एक ती फक्त मार्जिन नीट करत होती. शेवटी ती आंघोळीला गेलेली असताना मी तिच्या लॅपटॉपवर सुरुवातीचा परिच्छेद लिहून टाकला. छान लिहिला होता हो. तिने येऊन वाचला आणि डिलीट केला.

"मामा, हे तुझं आहे. मॅडम ओळखतील."

मग मी फक्त एवढं केलं की तिला एका कागदावर तीन रकाने आखायला लावले. धान, कापूस, पगार. खाली बारा महिने. कुठल्या महिन्यात माल जातो, कुठल्या महिन्यात पैसा येतो, हे तिने रेकॉर्डिंग ऐकत-ऐकत भरलं. अडलं की आबांना हाक. तो तक्ता भरून झाला तेव्हा चार वाजले होते आणि मग तिला काय लिहायचं ते दिसायला लागलं. माझी अठरा पानं कापून तिने दीड पानावर आणली. मिल राहिली, कारण कापूस इथे होता हे सांगायला ती लागत होती. व्हिक्टोरिया राणी गेली. मला जरा वाईट वाटलं.

बाबांची एकच अट होती. कुठल्याही दुकानाचं, गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं नाही. "दुसऱ्याच्या खात्यातली गोष्ट बाहेर नेत नसते." म्हणून प्रोजेक्टमध्ये 'व्यापारी अ', 'व्यापारी ब' असं आहे. ज्याने रेकॉर्डिंगला नाही म्हटलं, त्याचं काहीच घेतलं नाही. मुनिमाने शिकवलेलं हे रिसर्च एथिक्स मला कुठल्याच कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. बुडालेल्या उधारीची गोष्टही तिने लिहिली नाही. मी इथे लिहू का म्हणून बाबांना विचारलं. बराच वेळ पेपर वाचत राहिले. मग म्हणाले, "लिही. पण गावाचं नाव टाकू नको."

रात्री दीडला संपलं. तेरा पानं. सांगितली होती किमान वीस. भाचीला भीती वाटत होती, मलाही. फॉन्ट मोठा करायचा मोह झाला, पण तिनेच नको म्हटलं. शेवटी तिने ऋणनिर्देश टाइप केला. त्यात मॅडमचं नाव, कॉलेजचं नाव, आणि मग: 'माझे आजोबा, मुनीम (निवृत्त), गांधीबाग.'

बाबांना चष्मा लावून तेवढं पान दाखवलं. त्यांनी वाचलं, आणि 'निवृत्त'वर बोट ठेवलं. "हे काढ," म्हणाले. "मुनीम एवढंच ठेव."

तिने काढलं. सोमवारी सकाळी सबमिट झालं. मार्क अजून यायचे आहेत, आले की कळवीनच.

मी परतीच्या गाडीत हा लेख लिहायला घेतला. आधीचा तो अर्धा लेख आता पुढच्या विकांताला.